बचाव करणाऱ्याच्या शरीराचा घसारा

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे माती उपसणारी यंत्रे पायथ्याशीच राहिली आणि माणसे तेवढी पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने वर चढली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चढले, अग्निशमन दलाची माणसे चढली, आसपासचे गिर्यारोहक तरुण चढले. त्या चढणीवरच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचा अंत झाला. ढिगाऱ्यापर्यंत तो पोहोचलाही नाही. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली होती. या मोठ्या दुःखाच्या सावलीत त्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू दोन-चार ओळींपुरता उरला, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

परंतु त्या मृत्यूने उभा केलेला प्रश्न दोन-चार ओळींत मावणारा नाही. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी ज्यांना आपण पाठवतो, त्यांच्या शरीराची काळजी कोणाची? ती त्यांची स्वतःची खासगी बाब आहे, की त्यांना पाठविणाऱ्या समाजाचे देणे आहे? ‘जवानाने तंदुरुस्त राहिले पाहिजे, चांगल्या सवयी अंगी बाणवल्या पाहिजेत’ असे आपण सहज बोलून जातो. पण सवय ज्या जमिनीत रुजायची ती जमीन कोणी नांगरायची, याचा विचार आपण करीत नाही. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे की बचाव-दलाची सज्जता ही मुख्यतः वैयक्तिक शिस्तीतून निपजत नाही. ती झोप, रजा, अन्न, पुरेसे मनुष्यबळ आणि वेळेवर मिळणारी वैद्यकीय मदत यांतून घडते. आणि या साऱ्या गोष्टी सेवाशर्तींच्या, म्हणजेच श्रमाच्या प्रश्नाचा भाग आहेत.

हे दल आहे तरी काय?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला आणि त्याखाली २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. लोक त्याला एनडीआरएफ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात. आरंभी त्याच्या आठ बटालियन होत्या, आज सोळा आहेत. एका बटालियनमध्ये साधारण ११४९ माणसे असतात आणि तिच्यातून शोध व बचाव यांची अठरा पथके उभी करता येतात. आपल्या महाराष्ट्राकडे येणारी पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असून तिची माणसे केंद्रीय राखीव पोलीस दलातून आलेली आहेत. इतर बटालियनमध्ये सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, सशस्त्र सीमा बल, आसाम रायफल्स अशा दलांतून प्रतिनियुक्तीवर माणसे येतात. म्हणजे हे लष्कर नव्हे. पण गणवेश, कवायत, हुद्दे आणि हुकूम यांच्या चौकटीतले हे सशस्त्र दलच आहे. मोठ्या आपत्तीत त्याच्या खांद्याला खांदा लावून भूदल, नौदल आणि हवाईदल यांच्या तुकड्याही राबतात.

या कामाला आत्मबलिदानाचा इतिहास आहे. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडच्या प्रलयात गौरीकुंडाजवळ हवाईदलाचे हेलिकॉप्टर कोसळले आणि वीस जण गेले. त्यांत नऊ जण या दलाचे, सहा भारत-तिबेट सीमा पोलिसांचे आणि पाच हवाईदलाचे होते. आपल्या राज्यातही अशी आठवण घडली: मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि धुळ्याच्या तुकडीतील तीन जवान मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी आपण मानवंदना देतो. ती दिलीच पाहिजे. पण हेलिकॉप्टर कोसळल्याने किंवा बोट उलटल्याने आलेला मृत्यू डोळ्यांना दिसतो. वर्षानुवर्षे होणारी शरीराची झीज दिसत नाही, आणि तिला मानवंदनाही मिळत नाही.

शरीराकडून काय मागितले जाते

या कामाचे स्वरूप जरा जवळून पाहू. महिनोन्महिने तळावर कवायत आणि सराव, आणि मग एखाद्या रात्री अकस्मात हाक. पाठीवर अवजारांचे ओझे, प्रवासात गेलेली रात्र, पोहोचल्याबरोबर ढिगारा. ढिगाऱ्याखाली माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते. म्हणून नेमक्या त्याच दिवसांत झोप नाही, जेवणाला वेळ नाही. निश्चल बसलेल्या शरीराला एका क्षणात पराकाष्ठेच्या श्रमात लोटणे, हा हृदयावरचा सर्वांत मोठा ताण होय. अमेरिकेतील अग्निशामकांच्या मृत्यूंचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर असताना झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यू आगीने किंवा धुराने नव्हे, तर हृदयविकाराने झाले होते. आणखी एक गोष्ट त्यातून दिसली. प्रत्यक्ष आग विझविण्यात या माणसांचा जेमतेम एक ते पाच टक्के वेळ जातो. पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के मृत्यू त्या थोड्या वेळात झाले. इर्शाळवाडीच्या चढणीवर जे घडले ते या दृष्टीने अपवादात्मक नव्हते.

झोपेचे गणितही असेच कठोर आहे. सतरा तास सलग जागे असलेल्या माणसाची एकाग्रता आणि हातांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. आपल्या मोटारवाहन कायद्याने वाहन चालविण्यासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेतील माणसाच्या हाती आपण मोटारीचे चाक देणार नाही, त्या अवस्थेतील माणसाच्या हाती काँक्रीट कापणारी करवत देतो, आणि तिच्या पात्याखाली एखादे मूल जिवंत असू शकते.

पुरातले काम निराळे. तिथे घाणीच्या पाण्यात तासन् तास उभे राहावे लागते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर आणि २०१८ च्या केरळच्या पुरानंतर या रोगाने बळी घेतले. त्यावरचा प्रतिबंधक उपाय, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला घ्यावयाची डॉक्सिसायक्लिनची गोळी, स्वस्त आहे आणि सर्वज्ञात आहे. ती योग्य वेळी प्रत्येक हातात पडते की नाही, हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळानंतर पश्चिम बंगालमध्ये काम करून परतलेल्या ओडिशाच्या बटालियनमधील सुमारे पन्नास जवानांना करोनाची लागण झाल्याचे आढळले. त्यात कोणाच्या वाईट सवयी होत्या? झाडे तोडून रस्ते मोकळे करणाऱ्या माणसांना परस्परांपासून दूर राहता येत नाही.

आणि मनाचे काय? जून २०२३ मध्ये ओडिशात बालासोरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. त्यानंतर चारच दिवसांनी या दलाचे तत्कालीन महासंचालक अतुल करवाल यांनी दिल्लीतील एका परिषदेत जाहीरपणे सांगितले की तेथून परतलेल्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसते आणि दुसऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली आहे. इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्याने हे उघड बोलावे, ही स्वागतार्ह गोष्ट होती. जवानांसाठी समुपदेशनाची व्यवस्था केल्याचेही त्यांनी सांगितले. आदल्या वर्षापासून घेतलेल्या विशेष तपासणीत सुमारे १८ हजारांपैकी ९५ टक्के जवान तंदुरुस्त ठरल्याचा उल्लेखही त्यांनी केला. आकडा समाधान देणारा आहे. तरीही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक शंका येतेच: तपासणीच्या दिवशी तंदुरुस्त असणे आणि ढिगाऱ्यावरील चौथ्या रात्री तंदुरुस्त असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मोजली जाते, दुसरी कोणी मोजत नाही.

सवय आणि परिस्थिती

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सशस्त्र दलांत वैद्यकीय श्रेणी ठरविण्याची पद्धत आहे. मानसिक अवस्था, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांनी माणूस तपासला जातो. कवायत आहे, योगासने आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या दलांच्या जेवणात ३० टक्के भरडधान्ये असावीत असे ठरविले. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही.

परंतु भाकरीचे पीठ बदलल्याने झोप मिळत नाही. आरोग्याच्या सवयींसंबंधीचा आपला सारा उपदेश एका गृहीतावर उभा असतो. ते गृहीत असे की माणसाच्या हाती त्याचा दिवस असतो. बचाव-दलातील शिपायाच्या हाती त्याचा दिवस नसतो आणि रात्रही नसते. रात्रभर जागायचे म्हटले की हातात तंबाखूची पुडी येते. घरापासून महिनोन्महिने दूर राहिले की संध्याकाळ काढण्यासाठी बाटली येते. लष्करी कँटीनमध्ये मद्य सवलतीच्या दरात मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. आपण व्यसनमुक्तीचा आग्रह धरणारी माणसे आहोत आणि तो आग्रह इथेही सोडण्याचे कारण नाही. पण एका हाताने बाटली स्वस्त करायची आणि दुसऱ्या हाताने सदाचाराचे भित्तिपत्रक लावायचे, या दुटप्पीपणाचा दोष शिपायाच्या माथी मारता येणार नाही.

परिस्थिती किती बिकट आहे याचा अंदाज संसदेपुढे आलेल्या आकड्यांवरून यावा. ज्या केंद्रीय सशस्त्र दलांतून बचाव-दलाची माणसे येतात, त्या दलांत २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ६५४ जणांनी आत्महत्या केली. साधारण त्याच काळात पन्नास हजारांहून अधिक जणांनी नोकरी सोडली. आत्महत्येला एकच कारण कधी नसते आणि प्रत्येक घटनेचे खापर सेवाशर्तींवर फोडणे योग्य नव्हे. पण पोटापाण्यासाठी मिळालेली, गावात मान असलेली, कायम स्वरूपाची सरकारी नोकरी बेकारीच्या या दिवसांत पन्नास हजार माणसे सोडून जातात, तेव्हा दोष पन्नास हजार स्वभावांत शोधायचा की व्यवस्थेत, याचा निर्णय वाचकांनीच करावा. जवानाला वर्षाकाठी शंभर दिवस कुटुंबासोबत घालविता यावेत, असे धोरण २०१९ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी जाहीर केले. धोरण उत्तमच आहे. ते प्रत्यक्षात किती जवानांच्या वाट्याला किती दिवस आले, याचा हिशेब मात्र दरवर्षी संसदेपुढे मांडला गेला पाहिजे.

किल्लारीचा धडा

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एका महाविद्यालयात तरुण अधिव्याख्याता होतो. दोन-तीन दिवसांत वीस-बावीस विद्यार्थ्यांचे पथक घेऊन मी त्या भागातील एका गावी पोहोचलो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची धाब्याची छपरे. सारे गाव एका ढिगाऱ्यात रूपांतरित झालेले. मुले पेटून उठली होती. त्यांनी दोन रात्री पाठ टेकली नाही. मलाही त्याचा मोठा अभिमान वाटत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तुळई उचलताना एका मुलाच्या हातून ती निसटली आणि दुसऱ्याच्या पायावर पडली. हाड मोडले. ज्याच्या हातून निसटली तो उभ्या उभ्या झोपला होता, हे नंतर त्यानेच रडत सांगितले.

शेजारी लष्कराची तुकडी काम करीत होती. तिचे सुभेदार आमच्याकडे आले. सातारकडचे असावेत असे बोलण्यावरून वाटले. त्यांनी जखमी मुलाची सोय लावली आणि मग मला बाजूला घेऊन विचारले, “मास्तर, रात्री किती झोपली ही पोरं?” मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, “कोणीच नाही.” ते म्हणाले, “मग उद्या आणू नका त्यांना. आमची निम्मी माणसं बघा, तंबूत झोपलीत. आपल्या मर्जीनं नाहीत झोपली. मी हुकमानं झोपवलंय.”

ते वाक्य मी जन्मात विसरलो नाही. झोपेला हुकूम लागतो, कारण ज्याच्या समोर प्रेते पडलेली आहेत असा कोणताही सहृदय माणूस आपणहून झोपणार नाही. विश्रांती त्याच्या विवेकावर सोडली तर त्याचा विवेकच त्याला जागा ठेवील. आणि निम्म्यांना झोपवायचे तर निम्म्यांत काम भागेल इतकी माणसे हजर हवीत. म्हणजे विश्रांतीचा प्रश्न अखेर मनुष्यबळाचा, आणि मनुष्यबळाचा प्रश्न अंदाजपत्रकाचा ठरतो.

घसारा कोणाच्या खाती?

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना घसाऱ्याची संकल्पना शिकवली. यंत्र चालते तसे ते झिजते; ही झीज दरवर्षी हिशेबात धरून तिची तरतूद केली नाही तर कागदावर दिसणारा नफा हा भांडवलाचाच ऱ्हास असतो. बोटीचे इंजिन किती तास चालले याची नोंद ठेवतात, ठराविक तासांनी ते दुरुस्तीला लावतात. व्यापारी विमानाच्या वैमानिकाला सलग किती तास काम देता येईल यावर नियमांची मर्यादा आहे. त्याची झीज प्रवाशांच्या जिवावर बेतते हे आपल्याला मान्य आहे. मग बोटीत बसलेल्या माणसाच्या तासांची नोंद का नसावी? त्याच्या शरीराचा घसारा आज कोणाच्याच खाती पडत नाही. वास्तविक तो पडतो, पण ज्या खाती पडतो ते खाते त्या जवानाच्या घरात असते. पन्नाशीत गुडघे, पाठ, फुफ्फुसे आणि रात्रीची झोप गेलेला माणूस जेव्हा गावी परततो, तेव्हा हा खर्च त्याची बायको-मुले भरतात.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने या दलासाठी मूळ वेतनाच्या ४० टक्के इतका जोखीम व खडतर सेवा भत्ता मंजूर केल्याचे जाहीर केले. हे योग्यच झाले. त्याला उशीर झाला, एवढीच तक्रार. परंतु भत्ता ही झिजेची किंमत होय. झीज थांबविण्याची ती तजवीज नव्हे. बाजारवादी अर्थशास्त्र असे मानते की धोक्याच्या कामाला चढा दर दिला म्हणजे हिशेब पुरा झाला. समाजवादी विचार इथेच त्याच्यापासून वेगळा होतो. माणसाचे शरीर ही विकून मोकळे होण्याची वस्तू नाही. ते ज्या कामी लागले त्या कामाने ते राखलेही पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी मागितलेली रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळू लागली. त्या मागणीचा अर्थ पगारवाढीत मोजता येत नव्हता. कामगाराचा देह आणि त्याचा दिवस सर्वस्वी मालकाचा नाही, हे तत्त्व तिच्यात होते.

या बाबतीत इतर देशांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मनोरे कोसळले त्या दिवशी तेथील अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. ढिगाऱ्याच्या धुळीने जडलेल्या रोगांनी पुढील दोन तपांत त्याच दलाची त्याहून अधिक माणसे गेली. २०१० च्या अखेरीस तेथील काँग्रेसने कायदा करून त्या ढिगाऱ्यावर राबलेल्यांची दीर्घकालीन तपासणी आणि उपचार यांची जबाबदारी शासनावर टाकली. हा कायदाही सहजासहजी झाला नाही. आजारी कामगारांना त्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. तो झगडा करण्यासाठी त्यांच्यापाशी संघटना होती, हे विसरून चालणार नाही.

आपण का बोलावे?

इथे काही कार्यकर्ते विचारतील की सशस्त्र दलांच्या प्रश्नात आपण का पडावे? ज्या दलांच्या लाठ्या आपण मोर्च्यात खाल्ल्या, त्यांच्याच झोपेची काळजी आपण वाहायची काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. लाठी चालविण्याचा हुकूम देणारी सत्ता आणि तो हुकूम पाळणारा शेतकऱ्याचा मुलगा यांत आपण भेद करतो. शिवाय हा मुलगा असा श्रमिक आहे की ज्याला स्वतःसाठी बोलण्याची मुभाच नाही. संविधानाच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९६६ च्या कायद्यानुसार पोलीस दलांतील माणसाला परवानगीवाचून कामगार संघटनेत सामील होता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने निकृष्ट जेवणाची तक्रार करणारी चित्रफीत प्रसारित केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याच्या तक्रारीतील तथ्याविषयी मतभेद असू शकतील. पण तक्रारीचा विश्वासार्ह मार्ग नसला की माणूस चित्रफितीचा मार्ग धरतो, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. ज्यांना संघटित होता येत नाही त्यांच्यासाठी नागरिकांनी बोलावे, ही लोकशाहीची किमान अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप शिस्तप्रिय मंडळींचा असतो. ‘सैनिकाचे जीवन खडतरच असायचे, त्याला कारखान्यातल्यासारखी आठ तासांची पाळी कशी देणार?’ आपत्तीच्या घटकेला पाळी मोडेल, हे मान्यच आहे. पण जी पाळी इतर दिवशी पाळली गेली, तीच आपत्तीच्या दिवशी मोडण्यात अर्थ असतो. बाराही महिने ताणलेली दोरी ऐन वेळी तुटते. किल्लारीचे ते सुभेदार काही ऐषारामाचे पुरस्कर्ते नव्हते.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बचाव करणारा केवळ गणवेशातला नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले होते. परदेशी बनावटीचे यंत्र मोडल्यावर शेवटचे काही मीटर हातांनी खणून त्यांच्यापर्यंत पोहोचले ते ‘रॅट-होल’ पद्धतीने काम करणारे डझनभर मजूर. त्यांची वैद्यकीय श्रेणी कोणी ठरविली होती? त्यांच्या फुफ्फुसांत किती धूळ साचली आहे हे कोणी तपासले होते? देशाने टाळ्या वाजविल्या आणि ते आपल्या रोजंदारीवर परतले. बचाव-दलातील जवानाच्या आरोग्याचा हक्क आपण मागतो तेव्हा तो याच मजुरापर्यंत, नगरपालिकेच्या कंत्राटी अग्निशामकापर्यंत आणि पुरात आपली होडी घालणाऱ्या गावकऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. तसा तो पोहोचला नाही तर आपली मागणी अपुरीच म्हणावी लागेल.

मागण्या आणि काम

मागण्या स्पष्ट असाव्यात. बचावकार्यात प्रत्येक पथकासोबत बदली पथक पाठविण्याची तरतूद असावी, आणि सलग कामाच्या तासांची मर्यादा लेखी असावी. ती पाळण्याची जबाबदारी पथकप्रमुखावर असावी, शिपायाच्या मर्जीवर नव्हे. मोठ्या मोहिमेनंतर सक्तीची विश्रांती आणि समुपदेशन सर्वांनाच मिळावे; ज्याने मागितले त्यालाच दिले तर मागणारा दुबळा ठरतो आणि मग कोणी मागत नाही. ढिगाऱ्यावर, पुरात, रासायनिक अपघातात काम केलेल्यांची नोंदवही ठेवून निवृत्तीनंतरही त्यांची तपासणी व्हावी. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक अग्निशामकाच्या हृदयाची नियमित आणि मोफत तपासणी व्हावी. आणि तिच्यात दोष आढळला तर त्याची नोकरी जाणार नाही, पर्यायी काम मिळेल, अशी हमी असावी. ही शेवटची अट कळीची आहे. तपासणीने पोट जाणार असेल तर माणूस दुखणे लपवील, आणि लपविलेले दुखणे चढणीवर उघडे पडेल.

या मागण्या दिल्ली-मुंबईत मांडण्याइतकेच महत्त्वाचे काम आपल्या तालुक्यात आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर, महाड, चिपळूण अशा ठिकाणी या दलाची पथके येऊन राहतात. तिथल्या कार्यकर्त्यांनी तहसीलदारांना भेटून साधे प्रश्न विचारावेत. या माणसांची झोपण्याची जागा कोरडी आहे काय? महिला जवानांसाठी स्वतंत्र शौचालय आणि न्हाणीघर आहे काय? गरम जेवणाची सोय कोण करणार? प्रतिबंधक गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या आहेत काय, आणि त्या गावातील पोहणाऱ्या तरुणांनाही मिळणार आहेत काय? आपल्या नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि एक माणूस सलग किती तास कामावर असतो? माहितीचा अधिकार कायदा आपल्या हाती आहे. त्याचा उपयोग या कामी करावा. सेवा दलाच्या धर्तीवर आपली तरुण पथके निघतील तेव्हा त्यांच्याही पाळ्या आधी ठरवाव्यात, आणि कोणाला कधी झोपायचे हे आधी लिहून काढावे. माझ्या हातून राहिले ते त्यांच्या हातून राहू नये.

येत्या पावसाळ्यातही कुठे तरी दरड कोसळेल, कुठे तरी नदी गावात शिरेल. हाक येईल आणि माणसे निघतील, यात शंका नाही. इतक्या वर्षांत ती कधी निघाली नाहीत असे झालेले नाही. त्यांच्या निघण्यावर आपला विश्वास आहे तसा त्यांचाही आपल्यावर असावा, एवढी सोय आपण त्यापूर्वी करून ठेवली पाहिजे.